घरी कोण थांबणार?

परवा रात्री चिरंजीवांचा पुण्याहून फोन आला. फोन म्हटला की आमच्या पिढीच्या माणसाच्या पोटात अजून गोळा येतो. पण बातमी वाईट नव्हती. चिरंजीव म्हणाले, "बाबा, एक सेकंडहँड सेडान बघून ठेवली आहे. पाच जणांची, झकास आहे. पण त्याच पैशात एक जुनी मोठी व्हॅनसुद्धा मिळते आहे. बारा-तेरा माणसं आरामात बसतील. काय करू? तुमचा अनुभव सांगा."

मुलाने बापाला अनुभव विचारावा, ही गोष्ट हल्ली दिवाळीच्या अंगणातल्या किल्ल्यासारखी दुर्मिळ झाली आहे. मी हुरळून गेलो. "उद्या सविस्तर लिहून पाठवतो," असे म्हणून फोन ठेवला आणि कागद घेऊन बसलो. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिले 'मोटार', उजवीकडे लिहिले 'व्हॅन'. आणि तिथेच माझा हात थबकला. कारण बरोबर अशीच रेघ, असेच दोन रकाने मी पूर्वी एकदा आखले होते. साल १९९०. त्या कागदावर मी जी बेरीज केली होती ती आजवर मला चुकीची वाटत आली आहे. आणि गंमत अशी की, आकडे तपासले तर त्यात चूक कुठेच सापडत नाही!

आम्ही मूळचे नगरचे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई इथल्याच, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, तेव्हा नाव शोभतेही. पण बोलताना आमच्या तोंडी अजून 'नगर' असेच येते. या गावाचे आणि वाहनांचे काहीतरी जन्मांतरीचे नाते असावे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली एस.टी. निघाली ती नगरहून पुण्याला. आमच्या लष्करी छावणीत रणगाडे, गावाशेजारी लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्था. शाळा-कॉलेजच्या पोरापोरींना पॅडल मारण्यापासून सोडवणारी 'लुना' १९७२ साली आली, तीही नगरच्याच कारखानदारांची. आमचे वडील, म्हणजे नाना, एस.टी.च्या कचेरीत कारकून होते. ती पहिली गाडी सुटताना आपण गर्दीत उभे होतो, असे ते दर वर्षी एक जूनला न चुकता सांगत. सांगताना शेवटचे वाक्य ठरलेले असे, "तिकीट काढलं की राजाही तोच आणि रंकही तोच! गाडी अशी हवी."

चितळे रोडजवळच्या एका बोळातल्या जुन्या वाड्यात आम्ही बारा माणसे राहत होतो. नाना आणि आई. नानांची थोरली बहीण, आमची आत्या. दादा, वहिनी आणि त्यांची तीन मुले. मी, आमची ही आणि आमची दोन. आत्या तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. आम्हा दोघा भावांना तिनेच अंगाखांद्यावर वाढवले. दादाचे कापडबाजाराच्या तोंडाशी वह्या-पुस्तकांचे दुकान होते आणि मी बँकेत होतो.

त्या वर्षी नानांनी केडगावचा एक प्लॉट विकला. देणी भागवून थोडी रक्कम उरली. जेवताना दादा म्हणाला, "या पैशातून घरात एक वाहन घ्यावं." सगळ्यांचे हात ताटातच थांबले. तोवर आमच्या घरातले सर्वांत मोठे वाहन म्हणजे माझी स्कूटर!

नवी गाडी परवडण्यासारखी नव्हतीच. मारुती येऊन सहा-सात वर्षे झाली होती आणि डॉक्टर-वकील मंडळी जुन्या फियाट विकून तिच्या मागे लागली होती. त्यामुळे जुन्या फियाट बऱ्या भावात मिळू लागल्या होत्या. सावेडीला एका निवृत्त डॉक्टरांची दुधाळ रंगाची फियाट विकायची आहे, असे मला कळले. त्याच आठवड्यात दादाला राहुरीच्या एका मॅटॅडोरचा पत्ता लागला. मालकाला मोठी बस घ्यायची होती. दोन्ही गाड्यांची किंमत जवळजवळ सारखी. झाले! घरात दोन पक्ष पडले.

आजच्या मुलांना ही दोन्ही नावे सांगूनच समजावावी लागतील. आपण जिला 'फियाट' म्हणत होतो ती मूळ इटलीतल्या तुरीनची. मुंबईला कुर्ल्यात, वालचंद हिराचंदांच्या उद्योगसमूहातल्या प्रीमियर कारखान्यात ती तयार होई, आणि सत्तरीच्या दशकात तिचे 'पद्मिनी' असे बारसे झाले. इंजिन १,०८९ सी.सी.चे. गिअरचा दांडा पायाशी नव्हे, तर स्टिअरिंगच्या चाकाखाली. पुढची बैठक सलग बाकासारखी, त्यामुळे पुढे तिघे बसत. मॅटॅडोरचे घराणे जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे. आपल्याकडे ती आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या कारखान्यात बनू लागली. त्या उद्योगाचे संस्थापक नवलमल फिरोदिया हे पुन्हा आमच्या नगरचेच. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. 'मॅटॅडोर' म्हणजे स्पॅनिश भाषेत बैलाशी झुंजणारा वीर. आमच्याकडच्या मॅटॅडोरने मात्र बैलाशी झुंज घेतली नाही, बैलगाडीचे काम मुकाट्याने आपल्या अंगावर घेतले. लग्नाची वऱ्हाडे, शाळेची मुले, भाजीच्या पाट्या, यात्रेकरू, सगळे तिच्या पोटात मावे.

दादाचे मत मॅटॅडोर. माझे मत फियाट. मी बँकेतला माणूस. भावनेने निर्णय घेणे माझ्या शिस्तीत बसत नव्हते. मी कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि दहा मुद्द्यांना प्रत्येकी दहा गुण ठेवले.

त्याआधी दोन्ही गाड्या तपासायला हव्या होत्या. स्टेशन रोडवर आमच्या ओळखीचे एक मिस्त्री होते. अक्षरशत्रू, पण इंजिनाच्या आवाजावरून त्याची जन्मपत्रिका मांडीत. त्यांना घेऊन आम्ही दोन्हीकडे गेलो. त्यांनी शिकवलेले चार धडे मी जन्मभर विसरलो नाही, आणि चिरंजीवांच्या पत्रातही तेच लिहिणार आहे. पहिला धडा : गाडी बघायला जायचे ते सकाळी, आणि मालकाला आधी इंजिन तापवू द्यायचे नाही. थंड इंजिन खोटे बोलत नाही. दुसरा : धुराचा रंग बघायचा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पिते आहे आणि लवकरच उतरवावे लागणार. डिझेलच्या गाडीने वेग घेताना थोडा काळा धूर सोडला तर चालेल, पण उभ्या उभ्या ढग सोडू नयेत. तिसरा : खिशात लोहचुंबक ठेवायचा. पत्र्यावरून फिरवताना जिथे तो पकड सोडतो तिथे आत पत्रा नाही, नुसती पुट्टी आहे असे समजावे. चौथा : टायर एकाच बाजूने झिजले असतील तर नुसता टायर बघू नये, चासीवर संशय घ्यावा. आणि हे सगळे झाल्यावर आर.सी. बुक उघडून मालक किती बदलले, कर कुठवर भरला आहे आणि कोणाचा बोजा आहे का, ते पाहावे.

"माणसाचं आणि गाडीचं सारखंच असतं," मिस्त्री म्हणाले. "रंगावर जाऊ नका साहेब. खालून वाकून बघा."

दोन्ही गाड्या परीक्षेत पास झाल्या. आता सारा भार माझ्या कागदावर आला.

मी प्रामाणिकपणे गुण मांडले. माणसे किती बसतात? मॅटॅडोरला दहापैकी दहा, फियाटला पाच. इंधन? लिटरमागे अंतर दोघींचे उन्नीस-बीस. पण त्या काळी डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळच स्वस्त. इथेही मॅटॅडोर पुढे. पण नंतर फियाटने उचल खाल्ली. आमचा बोळ इतका अरुंद की, मॅटॅडोर वाड्यापर्यंत येणेच शक्य नव्हते. ती रस्त्यावर उभी करावी लागली असती. फियाट मात्र दोन्ही बाजूंना चार चार बोटे सोडून आत येत होती. कायद्याचा मुद्दाही होता. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ड्रायव्हर सोडून सहांपेक्षा जास्त माणसांसाठी बांधलेली गाडी 'ऑम्निबस' ठरते. तिचा कर वेगळा, हिशेब वेगळा. शिवाय एवढी मोठी गाडी चालवायची कोणी? फियाट मी महिन्याभरात शिकलो असतो.

शेवटी फियाटचे बासष्ट गुण झाले आणि मॅटॅडोरचे अठ्ठावन्न. मी कागद दादापुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. तिथे मी 'एकंदर सोय' या नावाखाली फियाटला नऊ आणि मॅटॅडोरला तीन गुण दिले होते.

"ही एकंदर सोय म्हणजे काय रे?" त्याने विचारले.

मी काहीतरी पुटपुटलो. वाचकहो, इतक्या वर्षांनी तुम्हाला खरे सांगायला हरकत नाही. ती सोय नव्हती, ती ऐट होती. आमच्या बँकेच्या मॅनेजरांकडे फियाट होती. संध्याकाळी ते स्टिअरिंगखालचा दांडा दोन बोटांनी वर ढकलीत आणि गाडी हलकेच निघून जाई. त्या दोन बोटांचा मला मोह पडला होता. सोनेरी काठाच्या साडीतली आमची ही शेजारी बसली आहे आणि मी दोन बोटांनी गिअर टाकतो आहे, हे चित्र मी कितीतरी वेळा रंगवले होते. मॅटॅडोर चालवणाऱ्या माणसाला लोक 'साहेब' म्हणत नाहीत. 'ओ डायवर' म्हणतात.

दादाला हे सगळे समजले असले पाहिजे. मॅटॅडोर आली असती तर त्याच्या दुकानाचा माल पुण्याहून आणण्याची सोय झाली असती, हेही मला माहीत होते. पण त्याने कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तुला हवी ना? घे. गाडी मनासारखी असावी."

फियाट आली. चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फोडला, बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघाले, बोळभर पेढे वाटले. आत्याने गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि दाराच्या काचेतून आत डोकावून बघितले. "बैठक मऊ आहे रे," एवढेच म्हणाली.

आता सांगायची गोष्ट नवरात्राची. पाथर्डी तालुक्यातल्या मोहट्याची देवी आमचे श्रद्धास्थान. दर वर्षी नवरात्रात सगळे घर दर्शनाला जाई. आम्ही एक मॅटॅडोर भाड्याने घेत असू. पहाटे चारला निघायचे, भिंगार मागे टाकले की आत्याने पहिला जोगवा म्हणायचा, करंजीचा घाट चढताना मुलांनी ओरडायचे, तिसगावला चहा आणि ऊन्ह वर यायच्या आत गडावर. परत येताना झाडाखाली दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आत्याच्या हातचे धपाटे. त्या प्रवासात आत्याची जागा ठरलेली होती. ड्रायव्हरच्या मागची खिडकी. वर्षभर देव्हारा आणि चूल यांच्यामध्ये जाणारे तिचे आयुष्य त्या एका दिवशी खिडकीला टेकून बसे आणि वाऱ्यावर डोळे मिटी.

त्या वर्षी घरची गाडी असताना भाड्याची कशाला, असे मीच म्हणालो. आदल्या रात्री जागांचा हिशेब सुरू झाला. गाडी चालवायला मी. पुढे नाना आणि मांडीवर एक मूल. मागे आई, वहिनी, आमची ही आणि उरलेली दोन लहान मुले. दादा म्हणाला, "मी थोरल्या दोघांना घेऊन एस.टी.नं येतो. नवरात्रात जादा गाड्या सोडतातच." हिशेब अकरापर्यंत आला आणि थांबला. कोणीच काही बोलेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला.

"अरे, घर कुणी सांभाळायचं? मी थांबते. तुम्ही जाऊन या सगळे."

खरे सांगतो, त्या क्षणी मला हायसे वाटले. मलाच काय, सगळ्यांनाच वाटले असेल. "खरंच की, घर मोकळं कसं टाकायचं!" असेही कोणीतरी म्हणाले. इतकी वर्षे वाड्याला कुलूप लावूनच आम्ही जात होतो, याची त्या वेळी कोणालाच आठवण झाली नाही.

सकाळी निघण्याच्या गडबडीत रेडिएटरमधले पाणी बघायचे मी विसरलो. चूक सर्वस्वी माझी. बिचाऱ्या गाडीचा काही दोष नव्हता. आठ माणसांचा भार घेऊन ती करंजीच्या घाटात अर्ध्यावर पोहोचली आणि बोनेटमधून वाफा येऊ लागल्या. गाडी कडेला घेतली. आमच्याजवळ प्यायचे पाणी होते तेवढे संपले. मुले रडू लागली. नाना घड्याळाकडे बघत गप्प उभे राहिले.

तेवढ्यात खालून भजन ऐकू आले. एक मॅटॅडोर घाट चढत होती. आत माणसे खच्चून भरलेली. न सांगता ती थांबली. ड्रायव्हरने पाण्याचा कॅन काढला, इंजिन जरा निवू दिले, मग फडके धरून रेडिएटरचे झाकण उघडले आणि सावकाश पाणी ओतले. आतून एक म्हातारी आईला म्हणाली, "बाई, उन्हात कशाला उभ्या? या, पोरांना घेऊन बसा. गडावर भेटतीलच हे."

"अहो, पण तुमच्याकडे जागा कुठे आहे?" आई म्हणाली.

"जागा का असती व्हय? करायची असती!" म्हातारी हसली, आणि आतली माणसे खरोखरच सरकली. आई आणि तिन्ही मुले चढली. दार बंद झाले. भजन पुढे सुरू झाले.

मी स्टिअरिंगवर बसलो होतो. रिकाम्या झालेल्या गाडीत आता एकदम ऐसपैस वाटत होते. आत्या सहज मावली असती.

एवढे होऊनही मी शहाणा झालो नाही. दुसऱ्या वर्षी जागांचा हिशेब करण्याची वेळच आली नाही, आत्याने दोन दिवस आधीच सांगून टाकले, "मी थांबणार आहे बरं का, गुडघे दुखतात हल्ली." तिसऱ्या वर्षी तिने काही सांगितलेही नाही. पहाटे उठून दशम्या भाजल्या, डबे भरले आणि दारात उभी राहून हात हलवला. माणसाच्या त्यागाची घरात किती लवकर रीत होऊन जाते! पहिल्या वर्षी आपण 'अरेरे' म्हणतो, दुसऱ्या वर्षी 'बरं' म्हणतो आणि तिसऱ्या वर्षी विचारीतही नाही.

फियाटवर मात्र अन्याय करायचा नाही. १९९२च्या जानेवारीतली गोष्ट. रात्री अडीचच्या सुमाराला नानांच्या छातीत कळ आली. घामाने अंग भिजले. दादाने त्यांना उचलले, मी गाडी काढली. त्या अरुंद बोळातून, दोन्ही बाजूंना चार चार बोटे सोडून, मी फियाट कशी बाहेर काढली ते मलाच ठाऊक. काही मिनिटांत आम्ही इस्पितळाच्या दारात होतो. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." नाना त्यानंतर नऊ वर्षे जगले. रस्त्यावर उभ्या असलेल्या मॅटॅडोरपर्यंत त्यांना हातावर न्यायला लागले असते तर काय झाले असते, हा विचार आजही मला नकोसा वाटतो. त्या रात्री माझ्या कागदावरची बोळाची ओळ खरी ठरली होती. दादाने परत येताना गाडीच्या टपावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुझा हिशेब बरोबर होता रे."

त्या एका वाक्याने मी सुटलो, असे मला वाटले होते.

१९९३च्या श्रावणात आत्या गेली. फार दुखणे नाही, कोणाला त्रास नाही. तिच्या स्वभावाप्रमाणेच गेली. दिवस झाल्यावर वहिनी आणि आमची ही तिची पत्र्याची ट्रंक आवरायला बसल्या. चार लुगडी, तीर्थाची एक कुपी, आम्हा भावांची लहानपणची टोपडी आणि तळाशी एक बटवा. बटव्यात जुन्या साडीच्या चिंधीत बांधलेल्या तीन पुरचुंड्या होत्या. प्रत्येकीत अकरा रुपये.

"हे कशाचे?" मी विचारले.

वहिनीने डोळ्याला पदर लावला. "देवीचे. दर वर्षी आपण निघालो की बाजूला काढायच्या. पहिल्या वर्षी मी म्हटलं, 'द्या इकडे, आम्ही वाहतो तुमच्या नावानं.' तर म्हणाल्या, 'असू दे गं. माझी मी वाहीन हातानं. पुढच्या साली.'"

तीन वर्षे. तीन पुढची साले.

मी उठून ओट्यावर आलो. बोळात फियाट उभी होती. नुकतीच पुसलेली, चकचकीत. माझ्या त्या कागदावर दहा मुद्दे होते. इंधन होते, कर होता, बोळाची रुंदी इंचात मोजलेली होती. बाराव्या माणसाचे काय, हा मुद्दाच नव्हता. 'माणसे किती बसतात' याला मी गुण दिले. 'कोण राहते' हे विचारले नाही. बेरीज चुकली नव्हती. जमेची एक रक्कम मांडायचीच राहून गेली होती.

त्या नवरात्रात मी पुन्हा मॅटॅडोर भाड्याने घेतली. नाना, आई, दादा, मुले, सगळे बसलो. ड्रायव्हरमागच्या खिडकीपाशी कोणी बसेना. ड्रायव्हरने मागे वळून बघितले आणि सहज विचारले, "एक शीट मोकळं दिसतंय. कुणी यायचं हाय का अजून?"

नाना म्हणाले, "नाही. चला."

गडावर नानांनी त्या तिन्ही पुरचुंड्या देवीपुढे ठेवल्या. सोडल्या नाहीत, तिने गाठ मारली होती तशाच ठेवल्या. घाट उतरताना दादाची थोरली मुलगी आत्याचा जोगवा म्हणू लागली. तिला तो सगळा पाठ होता.

पुढे काळाबरोबर सगळेच पांगले. वाडा पाडून तिथे इमारत झाली. आम्ही सावेडीला फ्लॅटमध्ये आलो, दादा पलीकडच्या गल्लीत राहतो. फियाट मी २००२ साली विकली. तोवर कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघणेही थांबले होते. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाल्याची बातमी वाचली, तेव्हा वर्तमानपत्र बाजूला ठेवून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो. मॅटॅडोरही आता रस्त्यावर दिसत नाहीत. दोघींनी आपापले काम केले आणि त्या गेल्या. वाईट दोघीही नव्हत्या. एक होती रात्री अडीच वाजता बोळातून बाहेर काढणारी, आणि दुसरी होती आणखी चौघांसाठी सरकून घेणारी. घराला दोन्ही लागतात. पैसे मात्र एकीपुरतेच असतात!

तर आता चिरंजीवांना काय लिहावे? त्यांच्या घरी ते दोघे, दोन मुले आणि अधूनमधून सासू-सासरे. आम्ही दोघे वर्षातून चार वेळा जातो. पुण्यात गाडी उभी करायला जागा मिळणे म्हणजे देवदर्शनाहून अवघड. रोज ऑफिसला मोठी व्हॅन घेऊन जाणे वेडेपणाचे. रोजची गाडी लहान ठेवावी आणि सगळे जमतील तेव्हा मोठी भाड्याने घ्यावी, हा व्यवहार मलाही पटतो. मी तसेच लिहायला घेतले. मिस्त्रींचे चार धडे लिहिले. आर.सी. बुकाचे लिहिले. लोहचुंबकाचे लिहिले.

इतक्यात स्वयंपाकघरातून चकलीच्या सोऱ्याचा आवाज थांबला आणि आमची ही म्हणाली, "अहो, त्याला सांगा, आमचा विचार करून मोठी गाडी घेऊ नकोस. कुठे जायचं झालं तर तुम्ही जा त्यांच्याबरोबर. मी काय, घरी थांबेन."

मी लेखणी खाली ठेवली. ती पुन्हा सोऱ्या फिरवू लागली होती. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानातही नसावे. तेच शब्द, तोच स्वयंपाकघराचा दरवाजा, आणि आवाजात तीच अगदी साधी, सहज समजूत.

लिहिलेला कागद मी फाडला. नवा घेतला. या खेपेला मधोमध रेघ मारली नाही. सगळ्यात वर, आकड्यांच्या आणि गुणांच्या आधी, घरातल्या एकेका माणसाचे नाव लिहायला सुरुवात केली. पहिले नाव स्वयंपाकघरातल्या माणसाचे लिहिले.